तीन तासांच्या सह्या

माय, तू आणि मी चौदा महिने एकाच कंपनीत कामाला होतो. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या औषधाच्या कारखान्यात तुझ्या टेबलापासून माझी खुर्ची तीसेक पावलांवर होती. एवढ्या जवळून मी तुला काम करताना पाहिलं, पण तुझ्याबद्दल कुणी विचारलं की मी नरोलीच्या खोलीतली तू सांगते. स्टोव्हला पिन मारणारी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापणारी, संध्याकाळी दारात बसून मामाशी बोलणारी. कंपनीतली तू मी कुणाला सांगत नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलीलाही नाही. तू गेलीस त्या वयाहून मी आता बरीच मोठी झाले आहे, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, आणि आता तरी ते सगळं ओळीनं लिहून काढावं असं वाटतं. तुझी बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. नाशिकला आल्यावर मी ती मुद्दाम सोडली, आणि आता हवी आहे तर तुटक तुटक आठवते. जेवढी आठवते तेवढी लिहिते.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. धुळ्याकडच्या आपल्या गावात आपलं म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं, म्हणून राखोलीला धाग्याच्या कंपनीत असलेल्या मामानं आपल्याला तिकडे नेलं आणि नरोलीत खोली बघून दिली. आठ खोल्यांची रांग, त्यात अर्धे जळगाव-नंदुरबारकडचे, अर्धे हिंदी बोलणारे, आणि घरमालक गुजराती. सायलीत औषधाची नवीन कंपनी निघाली आहे, बायका घेतायत, असं मामानं ऐकलं आणि तो तुला तिथे घेऊन गेला. साहेबानं शिक्षण विचारलं नाही, असं तू सांगायचीस. त्यानं औषधानं भरलेली एक बाटली हातात दिली आणि आत काय दिसतं ते विचारलं. तू ती उजेडात बराच वेळ फिरवलीस आणि म्हणालीस, काही दिसत नाही. साहेब म्हणाला, बरोबर, काहीच नाहीये त्यात. तुझ्या आधी आलेल्या दोघींनी काहीतरी दिसलं पाहिजे म्हणून काहीबाही सांगितलं होतं. तुला त्याच दिवशी घेतलं.

लहान बाळांच्या पोटदुखीचं ते औषध. पारदर्शक काचेच्या बाटल्या भरून, बूच लावून तुमच्या खात्यात यायच्या. प्रत्येकीचं टेबल वेगळं, टेबलावर ट्यूबलाइट, समोर एक फळी, अर्धी काळी आणि अर्धी पांढरी. बाटली उलटी करायची, सरळ करायची, पांढऱ्यासमोर धरून काळं काही दिसतं का बघायचं, काळ्यासमोर धरून काच चमकते का बघायचं. दिवसभर तेच. नव्या बायका बुडबुड्यालाच काच समजून चांगल्या बाटल्या बाजूला काढत बसायच्या, आणि त्या घाबरून गेल्या की तू तुझी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ जायचीस. बुडबुडा वर पळतो, काच खाली बसते, घाई करू नको, तिला बसू दे, असं तू सांगायचीस. हे मी पहिल्यांदा ऐकलं ते कंपनीत नव्हे. दहावीच्या सुट्टीत खोलीत बसून तू मला पाण्याच्या बाटलीत भांडी घासायच्या राखेचा कण टाकून दाखवलं होतंस. तुला तुझ्या कामाचा अभिमान होता हे मला तेव्हा कळलं, आणि जरा हसूही आलं होतं.

खात्यात कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जी जिथली तिथली. तू धुळेवाली. तुझ्या उजव्या हाताच्या टेबलावर बसायची ती खानवेलवाली. सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची, बारीक अंगाची, तुझ्याहून आठदहा वर्षांनी लहान, घरी वारलीत बोलायची आणि तुमच्याशी मराठी-गुजराती मिसळून. एकसारखं बाटल्यांकडे बघून डोळे जड व्हायला लागले की माणसाला स्वतःला ते कळत नाही, हात आपोआप चालत राहतात. तिचे हात तसे चालायला लागले की तू तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचीस. बोलायची नाहीस. ती उठायची, तोंडावर पाणी मारून यायची. तुझे हात तसे चालायला लागले की ती तुझ्या मनगटावर बोटं ठेवायची. सुपरवायझर बाईला वाटायचं, तुम्ही दोघी खेळ करताय. एकदा क्रेट पडून बऱ्याच बाटल्या फुटल्या आणि कुणाच्या हातून पडला ते तुला विचारलं गेलं. तू म्हणालीस, माझ्या हातून पडला असता तर मी सांगितलं असतं, दुसरीचं तिला विचारा. मग जिच्या हातून पडला होता ती आपणच उभी राहिली. या गोष्टी मला तू सांगितल्या नाहीस. मी तिथे लागल्यावर बायकांनी सांगितल्या.

मी बारावी सायन्स झाले, आणि त्याच कंपनीत मला तपासनिसाची जागा मिळाली. तुम्ही पास केलेल्या क्रेटमधून दर तासाला वीस बाटल्या उचलून पुन्हा बघायच्या आणि तक्त्यात त्या तासाच्या रकान्यात सही करायची, असं माझं काम. पांढरा कोट मिळाला. तू मला मनगटी घड्याळ घेऊन दिलंस, लेडीज, बारीक काळ्या पट्ट्याचं. दर तासाला उठायचं आहे, दुसऱ्याला वेळ विचारत बसू नको, म्हणालीस. आणि पहिल्या दिवशी निघताना पायात चप्पल घालता घालता तू म्हणालीस, "तिथं मले माय म्हणू नको. सगळ्या म्हणतात तसं म्हण. नाहीतर म्हणतील, माय पास करते अन् लेक सही करते." मी लगेच हो म्हटलं. तुला वाटलं असेल, पोरगी समजूतदार आहे. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं. तुझ्या कामाच्या निळ्या साडीशी, तुझ्या धुळ्याच्या बोलण्याशी माझ्या पांढऱ्या कोटाचा संबंध कुणी जोडू नये हे मलाच हवं होतं, आणि ते तू स्वतःच सुचवलंस म्हणून मला ते तोंडानं म्हणावं लागलं नाही. ऑफिसचा जुना कारकून सोडला तर वरच्या लोकांत आपलं नातं कुणाला माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तू बायकांबरोबर शेडमागच्या कट्ट्यावर बसायचीस, मी स्टाफच्या खोलीत. डबा तूच भरलेला असायचा, दोघींच्या डब्यात भाजी एकच असायची. एकदा तू दारात येऊन खुणेनं विचारलंस, मीठ कमी आहे का. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तू परत गेलीस. संध्याकाळी घरी आल्यावर तू तोच प्रश्न पुन्हा विचारलास, जणू दुपारी काही झालंच नव्हतं.

आता त्या दिवसाचं लिहिते. उन्हाळा होता. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून नवे मॅनेजर आले होते आणि त्यांच्यामागून एक तरुण इंजिनीयर. त्यानं कंपनीत पहिला कॉम्प्युटर आणला होता, आणि त्या कॉम्प्युटरसाठी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीला थंड हवेचं मशीन बसवलं होतं. साडेदहाला त्यानं मला बोलावलं. जुन्या रजिस्टरातले आकडे मी वाचायचे आणि त्यानं ते भरायचे. तो मला मॅडम म्हणत होता. चहा कपबशीतून आला. त्याआधी दहाच्या फेरीला मी खात्यात गेले होते तेव्हा खानवेलवाली मला म्हणाली होती, बेन, माझी ट्यूब फडफडतेय, डोळ्याला त्रास होतो, कुणाला तरी पाठव ना. मी म्हटलं, वायरमनला सांगते. ती म्हणाली, तोवर मी थांबू का. मी म्हटलं, थांबू नकोस, लॉट आज पुरा करायचा आहे, पाठवते मी. तू शेजारीच होतीस. तुझ्या हातात बाटली होती, तू मान वर केली नाहीस. वायरमनची खोली कॉम्प्युटरच्या खोलीच्या वाटेवरच होती. मी त्या खोलीवरून सरळ पुढे गेले.

अकरा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. बारा वाजले तेव्हाही बघितलं. इंजिनीयर मधूनमधून बाहेर जाऊन यायचा, त्या वेळात मी खाली जाऊन आले की नाही हे त्याला कळलं नसतं. एक वाजता तो इंजिनीयर म्हणालासुद्धा, मॅडम, तुमचं काही काम नाही ना खाली. मी म्हटलं, नाही. हे मला लख्ख आठवतं, कारण पुढे मी कित्येकदा स्वतःला समजावलं की मी विसरले होते. मी विसरले नव्हते. दोनला खाली आले, तक्ता घेतला आणि अकरा, बारा आणि एकच्या रकान्यात तीन सह्या केल्या. पेनही बदललं, एकसारखी शाई दिसू नये म्हणून. एकही बाटली उचलली नाही.

तीन वाजता माल गाडीत चढत असताना मॅनेजर सहज म्हणून गोदामात आले आणि त्यांनी एक क्रेट उघडायला लावला. पहिल्याच रांगेतल्या एका बाटलीत तळाशी काच होती. दुसऱ्या रांगेत अजून एक. बाटलीच्या तोंडाचा टवका उडालेला, तांदळाच्या कणीएवढा. लहान बाळाला चमच्यानं पाजायचं औषध. गाडी रिकामी करवली, सगळा लॉट परत खात्यात आला. क्रेटवरच्या चिठ्ठीवर खानवेलवालीच्या टेबलाचा आकडा होता. तिला बोलावलं. ती म्हणाली, माझी ट्यूब खराब होती, मी या बेनला सांगितलं होतं. मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. माय, माझ्या मनात तेव्हा फार विचार आले असं नाही. एकच आला, की आता हे तक्ता मागतील. मी म्हटलं, मला तिनं काही सांगितलेलं नाही, आणि मी दर तासाला बाटल्या बघितल्या आहेत, सह्या आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मला जणू नीट ऐकू आलं नसेल असं वाटून ती पुन्हा म्हणाली, सांगितलं ना मी तुला, दहा वाजता. मी मॅनेजरांकडे बघत म्हटलं, नाही सर. ते म्हणाले, उद्या सकाळी ऑफिसात बघू, आणि तिला म्हणाले, उद्या येताना तुझं ओळखपत्र घेऊन ये. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. ओळखपत्र काढून घेतलं की माणूस गेटबाहेर.

त्या संध्याकाळी तू कंपनीच्या गाडीत माझ्याशी बोलली नाहीस, ते नेहमीचंच होतं, गाडीत आपण वेगळ्या बसायचो. खोलीत आल्यावर तू हातपाय धुतलेस, डाळ शिजत घातलीस, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलंस, अकराला तू आली होतीस का. मी म्हटलं, तू तुझं काम बघ. तू वळलीस. तुझा चेहरा रागाचा नव्हता, थकलेला होता. "मी बाजूलेच होती. तिनं सांगितलं ते मी ऐकलं. अन् अकरापासून तू आली नाही तेबी मी पाहिलं. सकाळी तू आपली आपण जाय अन् साहेबाले सांग. मी तुझ्यासंगं येते." मी रडायला लागले. म्हटलं, माझी नोकरी जाईल. तू म्हणालीस, तिचीबी जाईल, आणि तिनं काही केलं नाही. मी म्हटलं, ती कोण लागते तुझी. डाळ उतू गेली, ती पुसलीस. मग म्हणालीस की आठ वर्षं तिच्या डोळ्यांच्या भरवशावर मी बाटल्या पास केल्यात आणि माझ्या भरवशावर तिनं, दुसरं काय लागतं ते मला नाही सांगता येत. मी म्हटलं, सगळं खातं म्हणतं, तू चुगली करणारी बाई नाहीस. मी ते तुला दुखावायला म्हटलं, आणि बांधून घालायलाही. तू ताट वाढत म्हणालीस, "पाठीमागे सांगितलं तर चुगली. मी तुले आधी सांगितलंय. मले विचारलं तर मी सांगेन."

मला वाटलं, नाही सांगणार. मी पैज लावली होती म्हण ना, मनातल्या मनात, तुझ्या मायेवर. कोणती आई सांगेल. मी जेवले, आणि मला झोपही लागली. सकाळी तू माझ्यासाठी चहा ठेवून उभी होतीस. म्हणालीस, चल, आपण दोघी आधी जाऊ. मी म्हटलं, मला केस विंचरायचेत, तू हो पुढे. तू दाराशी थांबलीस, गाडीचा हॉर्न वाजला तरी थांबलीस.

ऑफिसात मॅनेजर होते, तो इंजिनीयर होता, सुपरवायझर बाई होती, कारकून होता. खानवेलवाली ओळखपत्र हातात धरून दाराशी. तिनं ते पदराला पुसून आणलं होतं. मॅनेजरांनी माझं पुन्हा ऐकून घेतलं, मी कालच्यासारखंच सांगितलं. मग शेजारच्या टेबलावरची कोण म्हणून तुला बोलावलं. तू आत आलीस, हात पुसत. त्यांनी विचारलं, हिनं ट्यूबबद्दल सांगितलं होतं का कुणाला. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू म्हणशील, माझं लक्ष नव्हतं. एवढं म्हटलं असतंस तरी मी सुटले असते. तू म्हणालीस, सांगितलं होतं, दहा वाजता, माझ्यासमोर, या पोरीला. आणि अकरा, बारा, एकला बाटल्या बघायला कुणी आलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, बाई, विचार करून बोला, तुमची मैत्रीण म्हणून बोलताय का. तेव्हा तू म्हणालीस, "साहेब, ही माझी लेक आहे. म्हणून काल तिले घरी विचारलं, अन् आज इथं सांगते."

इंजिनीयरनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, तुझ्या निळ्या साडीकडे. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटली ती खोटं पकडलं गेल्याची नव्हती. मी तुझी मुलगी आहे हे त्याला कळलं, याची होती. हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं मी म्हणत राहिले की आईनं मला चारचौघांत उघडं पाडलं, आणि म्हणताना मला वाटायचं की मी सह्यांबद्दल बोलतेय.

मॅनेजरांनी ओळखपत्र परत देऊन खानवेलवालीला कामावर पाठवलं. मला म्हणाले, तुझ्या सहीचा आता मला उपयोग नाही. काढून टाकत नाही, आईकडे बघून. तिच्या खात्यात टेबलावर बस, तिच्याकडून काम शीक, वर्षभरानं बघू. तुझ्या डोळ्यांत तेव्हा जरा उजेड आला होता, माय. तुला वाटलं, चला, वाचली. आपल्या बाजूला बसेल. मी पांढरा कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि गेटबाहेर चालत निघाले. दोन दिवसांनी नाशिकला मावशीकडे गेले. तू स्टँडवर आली होतीस, शिदोरी घेऊन. ती मी घेतली, पण तुझ्याकडे बघितलं नाही. बस सुटायच्या आधी तू खिडकीशी येऊन म्हणालीस, पत्र टाक. मी चार वर्षांत दोन कार्डं टाकली. एक लग्न ठरल्याचं, आणि एक मुलगी झाल्याचं. लग्नाला तू आलीस, दोन दिवस राहिलीस, सासरच्यांसमोर मी तुला आई म्हटलं आणि ही कंपनीत असते म्हणून सांगितलं, कसल्या ते सांगितलं नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस. जायच्या दिवशी तू माझ्या साडीचा पदर उगाच सारखा करत होतीस, काहीतरी बोलायचं होतं तुला. मी म्हटलं, उशीर होतोय, बस चुकेल.

तुला कावीळ झाली आणि सिल्वासाच्या दवाखान्यात ठेवलंय, असा मामाचा फोन शेजाऱ्यांकडे सोमवारी आला. मी तेव्हा सातपूरला एका कंपनीत पुन्हा तपासनिसाच्या कामाला लागले होते आणि त्या आठवड्यात बाहेरचे लोक कंपनी बघायला येणार होते. मामाला म्हटलं, गुरुवारी निघते. सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही. मला वाटत होतं, तूच निरोप पाठवावास, ये म्हणून. गुरुवारी पेठच्या घाटातून बस उतरत होती तेव्हा तुला जाऊन एक दिवस झाला होता. नरोलीच्या खोलीत पोचले तर खात्यातल्या बायका बसल्या होत्या, खानवेलवाली तुझी भांडी घासत होती. मामानं सांगितलं, शेवटचे पाच दिवस तीच दवाखान्यात होती, रजा टाकून. खात्यात तू सगळ्यांना सांगितलं होतंस की पोरीला नाशिकला मोठी जागा मिळाली म्हणून ती गेली. त्यातल्या कित्येकींना खरं काय ते माहीत होतं. कुणी तुला उलटून विचारलं नाही, आणि त्या दिवशी मलाही नाही.

फक्त खानवेलवालीनं विचारलं. भांडी पालथी घालून ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि मला ते हवंही होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बेन, एक विचारू? मी तुला ट्यूबचं सांगितलं होतं ना? कधी कधी मला वाटतं, मी मनातच म्हटलं असेल, आणि धुळेवालीनं मला वाचवायला हो म्हटलं असेल." चार वर्षं, माय. चार वर्षं ती बाई त्या टेबलावर बसून स्वतःवर संशय घेत होती. मी म्हटलं, सांगितलं होतंस. दहा वाजता. तू थांबू का म्हणून विचारलंस, आणि मीच नको म्हटलं. तिनं मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि उठून स्टोव्ह पुसायला गेली. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हाच मागायला हवी होती, समोर होती ती. पुढे दोनतीनदा खानवेलला जाऊन यायचं मनात आलं, गेले नाही. आता ती आहे की नाही हेही मला ठाऊक नाही.

त्यानंतर मी एकही खोटी सही केली नाही. हे तुला सांगावंसं वाटतं, तू विचारणार नाहीस तरी. सातपूरच्या कंपनीत मी सुपरवायझर झाले, मग खात्याची प्रमुख. मुली माझ्याकडे शिकायला येतात आणि मी कडक आहे म्हणतात. कुणाची चूक दिसली तर मी आधी तिला एकटीला गाठून सांगते, वरती नंतर. ही रीत कुठून आली ते मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात, मॅडमचा स्वभावच तसा.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी नव्यानं लागलेल्या तीसेक मुलींना एका खोलीत बसवलं आणि मला म्हणाले, चांगला सहकारी कसा असतो यावर यांच्याशी दोन शब्द बोला, तुमच्या अनुभवातलं. मी काही लिहून नेलं नव्हतं. उभी राहिले आणि तोंडातून तूच आलीस. काळी-पांढरी फळी, मनगटावरची दोन बोटं, डोळे थकलेली शेजारीण, सगळं सांगितलं. ट्यूबलाइटचं सांगितलं, तीन सह्यांचं सांगितलं, संध्याकाळी डाळ शिजताना आधी सही करणारीलाच बजावल्याचं सांगितलं. मुली अगदी शांत बसून ऐकत होत्या. पण मी घराच्या जागी मैत्रिणींची भाड्याची खोली घातली, लेकीच्या जागी त्या खोलीत राहणारी एक मैत्रीण घातली, आणि माय, तुझ्या जागी मी बसले. मी असं केलं, मी साहेबांना असं म्हटलं, असं सांगत गेले. ठरवून नाही केलं. पहिलं वाक्य तसं निघून गेलं आणि मग मी ते परत घेतलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्या हातात फुलं दिली.

सगळ्या निघाल्यावर एक मुलगी मागे थांबली. नंदुरबारकडची होती, बोलण्यावरून कळलं, तुझ्यासारखंच मले-तुले तोंडात होतं. तिनं विचारलं, मॅडम, त्या खोटं बोलणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. मग म्हटलं, माहीत नाही गं, ती सोडून गेली, पुन्हा कधी भेटली नाही.